पाटी की पेटी

चार वर्षांपूर्वी माझ्या हातून सुनेची नोकरी जाता जाता राहिली, आणि तीही तिचं भलं करायला गेल्यामुळं. लिहून टाकते एकदाचं. जालन्यातल्या एका दुकानात काउंटरवर दोन वस्तू ठेवल्या होत्या, एक टॅबलेट आणि एक लॅपटॉप. सुनेला लॅपटॉप पाहिजे होता. मी टॅबलेट उचलला. का, तर तो मला पाटीसारखा दिसला, आणि जन्मभर पाटीवर शिकवलेल्या बाईला पाटी दगा देईल असं स्वप्नातही आलं नाही.

तेव्हा मी चौसष्ट वर्षांची होते, म्हणजे अगदीच पोरवय. आज अडुसष्टाव्या वर्षी त्या चौसष्टच्या बाईकडं बघते तर हसू आवरत नाही. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी चालण्यात शाळेची घंटा, बोलण्यात खडू. रस्त्यावरच्या दुकानाची पाटी अशुद्ध दिसली की आत जाऊन सांगायची. एकदा एका सलूनवाल्याला ‘दाढी’तला ढ नीट काढायला लावला होता, त्याच्या हातात वस्तरा असताना. असो.

माझी सून तिच्या वडिलांच्या जागी अनुकंपात लागली होती. वडील सरकारी कचेरीत कारकून होते, नोकरीत असतानाच गेले. थोरल्या भावानं सही करून जागा बहिणीला दिली. ऑर्डरमध्ये एक अट होती: दोन वर्षांच्या आत मराठी टायपिंगची परीक्षा पास व्हायची, मिनिटाला तीस शब्द, नाहीतर सेवा समाप्त. ‘सेवा समाप्त’ हे दोन शब्द मी त्या ऑर्डरवर वाचले होते आणि विसरलेही होते. सून विसरली नव्हती. ती वडिलांची खुर्ची होती. त्याच टेबलाच्या ड्रॉवरमध्ये तिला वडिलांची अर्धी सुपारी आणि एक जुना चष्मा सापडला होता, ते तिनं मला एकदाच सांगितलं, पुन्हा कधी नाही.

पहिल्या वर्षी लेकरू तान्हं होतं, त्यात ती परीक्षा हुकली. दुसऱ्या खेपेला थोडक्यात नापास. आता शेवटची संधी तीन महिन्यांवर होती. जाफराबादच्या टायपिंग क्लासात तिला सकाळी एकच तास मिळायचा, त्यातही लाईट गेली की तास गेला. माझा मुलगा जालन्याच्या एमआयडीसीत बियाण्याच्या प्लँटमध्ये कामाला, शनिवारी मोटरसायकलवर घरी यायचा. तो म्हणाला, “आई, घरी एक लॅपटॉप घेऊ. रोज दोन घंटे बसली की होईल तिचं.”

“घेऊ की,” मी म्हणाले. “पेन्शनीतून मी घेते. तू प्लँट सांभाळ. मी बघून, पारखून आणते.”

पारखून! मेथीची जुडी पारखता येते म्हणून मला वाटलं, आता जगातलं सगळंच पारखता येतं.

सुनेला घेऊन एसटीनं निघाले. ती खिडकीशी बसली होती आणि तिची बोटं मांडीवरच्या पर्सवर चालू होती, टपटप, टपटप. भोकरदनपर्यंत मी बघत होते. मला वाटलं, पोरीला थंडी वाजते. “स्वेटर आणलं न्हाई का?” असं विचारलं. ती म्हणाली, “न्हाई आत्या, ठीके.” आमच्याकडं सुना सासूला आत्या म्हणतात. या शब्दात धाक किती आणि माया किती हे ज्याच्या-त्याच्या घरावर असतं. आमच्या घरात तेव्हा धाक बऱ्यापैकी होता, पण ते मला माहीत नव्हतं.

दुकानात काउंटरवर मालकीणच बसली होती. मारवाडी घरातली, पिढ्यान् पिढ्या जालन्यात राहिलेली. मराठी फर्डी, पण वस्तू हातात घेतली की तिची हिंदी सुरू व्हायची. सगळे तिला भाभी म्हणत होते, मीही म्हणाले.

तिनं आधी लॅपटॉप उघडून दाखवला.

“अगं बाई, ही तर पेटी,” मी म्हणाले. “झाकण उघडायचं, झाकण लावायचं. तबला कुठंय?”

“पेटी समझो माँजी,” भाभी हसली. “पर सूर तुमची बहू काढेल.”

“आन् ही?”

“ये टॅब. हलका है, पतला है. बोटानं चालतो.”

मी तो हातात घेतला. काळा, गुळगुळीत, चौकोनी. चाळीस पोरांच्या चाळीस पाट्या आठवल्या. “ही पाटी आहे,” मी म्हणाले.

“हां, पाटी. बराबर.”

झालं. नाव पडलं आणि माझा निकाल लागला. भाभीनं काचेवर एक पांढरं पान उघडून दिलं. मी बोटानं ‘अ’ काढला. उमटला! ‘अ’च्या शेजारी एक बदक काढलं, बदकाला शेपूट काढली. रंग बदलता येतो म्हणाली, मग बदक हिरवं केलं.

“पुसायचं कशानं?”

“इथं दाबा. सगळं साफ.”

“थुंकी लागत न्हाई?”

“बिलकुल न्हाई माँजी! थुंकी लावली तर वॉरंटी गेली.”

पहिलीच्या वर्गातल्या पोरांची थुंकी मी जन्मभर सहन केली होती. थुंकीविना पुसली जाणारी पाटी म्हणजे मला विज्ञानाचा कळसच वाटला. याच्या आत खडू कुठं असतो, अक्षर गेलं की कुठं जातं, दोन बोटं एकदम टेकवली तर कुणाचं ऐकतो, मी भाभीला विचारत सुटले. तीही बिचारी सांगत सुटली. आता खरं सांगायचं तर तेव्हाच मला कळलं होतं की ही पाटी मला पाहिजे. सुनेला नव्हे, मला. हिरवं बदक काढायला. पण निवृत्त बाईनं असं कसं म्हणायचं? म्हणून मी म्हणाले, “शिकायला पाटीच बरी. पाटीवर शिकलेलं पक्कं बसतं.”

भाभीनं एकदा विचारलं, “बहू को किसलिए चाहिए?”

“टायपिंगला,” मी म्हणाले. “यात टायपिंग होतं ना?”

“होता है. काच पे कीबोर्ड आता है, मराठी भी.”

सून तोवर लॅपटॉपसमोर उभी होती. दोन्ही हातांची चार-चार बोटं तिनं मधल्या ओळीवर टेकवली होती आणि डोळे मिटले होते. मी ते बघितलं. बघून मला वाटलं, थकली असंल. तिच्याकडं वळून म्हणाले, “चल, झालं आपलं काम. पाटी घेतली.” तिनं बोटं उचलली. काही बोलली नाही. न बोलणं म्हणजे हो, असं मी वर्गात ठरवून टाकलं होतं आणि घरातही तेच चालवत होते.

दुसऱ्या दिवसापासून आमचा घरचा क्लास सुरू. सून कचेरीतून आली, चहा झाला की मी तिच्यासमोर पाटी मांडायची आणि अर्ज सांगायची. ‘विनंती अर्ज. महोदय, मी खाली सही करणार...’ नात मधेच येऊन काचेला गाल लावायची, तेवढ्यानं दहा-बारा अक्षरं उमटायची. सून एका बोटानं टायपायची. मला ते विचित्र वाटलं नाही, कारण मीही एकाच बोटानं बदकं काढत होते.

आणि एक गोष्ट बघून तर मला फार आनंद झाला. काचेवर ‘वि’ काढताना ती आधी ‘व’ दाबायची, मग वेलांटी. वेलांटी आपोआप जाऊन व-च्या आधी बसायची.

“बघ!” मी म्हणाले. “आधी अक्षर, मंग वेलांटी. मी पोरांना असंच शिकवलं. शहाणी पाटी आहे.”

“क्लासात उलटं असतंय आत्या,” सून हळूच म्हणाली. “तिथं आधी पहिली वेलांटी हाणायची, मंग अक्षर. जुन्या टाइपरायटरवानी. बटनांच्या जागाबी येगळ्या असत्यात.”

“मंग क्लासवाला चुकीचं शिकवून राह्यला.”

“सर म्हणत्यात, नावातच आहे. पहिली वेलांटी ती पहिली.”

“कोण सर? किती शिकलेला?”

तिनं पुढचं अक्षर दाबलं. आणि मी पेटले. क्लासवाल्याला खोटं पाडायचं म्हणून मी सर्वेक्षण सुरू केलं. जो भेटेल त्याच्या हातात पेन द्यायचं आणि म्हणायचं, “‘किती’ लिहून दाखवा.” मग त्याच्या बोटांकडं टक लावून बघायचं, की वेलांटी आधी की क आधी. किराणावाल्यानं यादीच्या मागं लिहिलं: क आधी. मी खूश. मेडिकलवाल्यानं लिहिलं: काय लिहिलं तेच कळेना, तो बाद. पोस्टमननं पाकिटाच्या कोपऱ्यात लिहिलं, आणि वेलांटी आधी! मी त्याला पुन्हा लिहायला लावलं. पुन्हा तेच.

“अहो, अक्षर नसताना वेलांटी कुणासाठी काढता?” मी विचारलं.

“बाई, मी आधी छत्री उघडतो, मंग माणसाला खाली घेतो,” तो म्हणाला आणि सायकलवर टांग टाकून गेला.

त्या छत्रीनं मला बेजार केलं. लोक निम्मे इकडं, निम्मे तिकडं. शेजारीण तर ‘किती’मध्ये आधी वेलांटी काढायची आणि ‘दिवस’मध्ये नंतर. विचारलं तर म्हणे, “माझं मला माहीत न्हाई वो बाई, हात जातो.” इतकी वर्षं मी हजारो वह्या तपासल्या, अक्षर बरोबर की चूक एवढंच बघितलं, ते बनतं कसं हे कधी बघितलं नव्हतं. या नव्या नादात मी दिवसचे दिवस रमले. सुनेच्या परीक्षेआधीचे दिवस त्यातच चालले होते, आणि मी छत्र्या मोजत होते.

शनिवारी मुलगा आला. त्याच्याही हातात पेन दिलं. तो म्हणाला, “आई, सगळ्या गावाचं लिहून घेतलंस. तूच लिही की एकदा.”

“मला काय लिहायचंय? मी शिकवणारी.”

“लिही तर.”

मी पेन घेतलं, ऐटीत ‘किती’ लिहायला सुरुवात केली, आणि बघते तर काय, माझ्या हातानं आधी छत्री उघडली. मी थांबले. दुसरा शब्द घेतला, ‘विहीर’. पुन्हा छत्री. ‘शिक्षिका’ लिहिलं, तर त्यात दोन छत्र्या! जन्मभर पोरांना एक सांगितलं आणि फळ्यावर माझा हात दुसरंच करत होता. पोरं बिचारी कुणाचं ऐकत असतील, तोंडाचं की हाताचं?

मुलगा पोट धरून हसला. मी कागद चुरगाळून टाकला आणि त्याला दम दिला, “हे तिला सांगायचं न्हाई.”

हा माझा खरा अपराध. दुकानातली चूक हौसेची होती, ही ताठ्याची. क्लासवाला बरोबर आहे हे मला कळलं होतं, आणि तरी मी आणखी आठ दिवस सुनेला पाटीवर बसवलं.

मग क्लासात सराव परीक्षा झाली. सून घरी आली आणि पीठ मळायला बसली. मी चुलीपाशी, म्हणजे गॅसपाशी, शेंगदाणे भाजत होते. बघितलं तर तिनं पिठाचा गोळा चपटा केला होता आणि त्यावर आठ बोटं टेकवून ती टपटप करत होती. पिठात खळ्या पडत होत्या. तेव्हा कुठं मला एसटीतली पर्स कळली. थंडी नव्हती ती.

“कसा झाला पेपर?” मी विचारलं.

तिनं हात न धुता पर्समधून कागद काढला. पहिलीच ओळ: ‘वनिंती अर्ज’. पुढं ‘दविस’. पुढं ‘पशिवी’. लाल पेनानं केलेल्या गोलांनी कागद गोवर आल्यासारखा दिसत होता. अशी अशुद्ध वही माझ्या वर्गात आली असती तर मी पालकांना बोलावलं असतं. इथं पालक मीच होते.

“अक्षर आधी दाबायची सवय लागली,” ती म्हणाली. “मंग वेलांटी पुढच्या अक्षराला जाऊन बसतीया. स्पीडबी कमी झाला. आधी सत्तावीस आल्ता, आज एकोणीस.”

“मंग तू पाटीवर का बसून राह्यलीस? मला सांगायचं न्हाई?”

 ती उठली, हात धुतले, पाटी आणली, जमिनीवर ठेवली.

“आत्या, तुमची बोटं ठेवा हितं. आठी बोटं. टायपिंगला बोटं टेकवून बसावं लागतं, तवाच न बघता बटन सापडतं. ठेवा.”

मी ठेवली. काचेवर अक्षरांची रांगच्या रांग धावली, कसलाच अर्थ नसलेली. मी बोटं उचलली.

“टेकवता येत न्हाईत,” ती म्हणाली. “काचेला टेकणं आन् मारणं एकच वाटतं.”

मी पुन्हा बोटं ठेवली, पुन्हा उचलली. खरंच. माझ्या त्या शहाण्या पाटीला हात ठेवून बसलेलं माणूस आणि काम करणारं माणूस यातला फरकच कळत नव्हता. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण तिनं ते पडू दिलं नाही, पिठाकडं परत गेली. “सेवा समाप्त,” असं काहीतरी ती पिठाला म्हणाली. माझे शेंगदाणे करपले.

दुसऱ्या दिवशी मी एकटी जालन्याला गेले. पाटी पिशवीत, कपड्यात गुंडाळून. भाभीनं मला ओळखलं. “आओ माँजी, बदक कसं आहे?”

“बदक मजेत आहे. सून बुडून राह्यली.”

सगळं सांगितलं. छत्रीसकट. भाभी आधी हसली, मग हसायची थांबली.

“याला वेगळा कीबोर्ड जोडून देऊ का?” ती म्हणाली. मग स्वतःच मान हलवली. “न्हाई, काम न्हाई होणार. परीक्षेचा जो मराठी प्रोग्राम आहे ना, तो यात चालत न्हाई. लॅपटॉपच पाहिजे. मैने पूछा था, माँजी. तुम्ही टायपिंग म्हणालात, परीक्षा म्हणाला न्हाईत.”

“मला तरी कुठं माहीत होतं?”

“बहू को मालूम था,” भाभी म्हणाली आणि आत गेली.

तिनं तिच्या लेकीचा जुना लॅपटॉप आणला. लेक शिकून पुण्याला गेली होती. झाकणावर फुलपाखराचा स्टिकर, आणि बटनांवरची निम्मी अक्षरं झिजून गेलेली. मी म्हणाले, “भाभी, यावर तर अक्षरंच न्हाईत.”

“अच्छा है. बघून टायपायची सवयच लागणार न्हाई.”

तिनं पाटी परत घेतली आणि बदल्यात पेटी दिली. पाटीतलं सगळं पुसायला तिनं मलाच सांगितलं. त्यात माझी बदकं होती, एक बैलगाडी होती, आणि नातीच्या गालानं उमटलेली अक्षरं मी जपून ठेवली होती. दाबलं, सगळं साफ झालं. मला वाईट वाटलं हे लपवत नाही. एसटीत पेटी मांडीवर घेऊन बसले तेव्हा मी तिच्याशी अबोला धरला होता.

राहिलेल्या पाच आठवड्यांत घरचं चित्र पालटलं. आता क्लासच्या सरांनी सुनेला प्रोग्राम टाकून दिला. मी नात सांभाळायची, स्वयंपाक करायची आणि अर्ज सांगायची. पण कशी सांगायची? ‘विनंती’ म्हणण्याऐवजी मी म्हणायची, “छत्री, व, न...” पहिले दोन दिवस तिला हसू यायचं, तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, “आत्या, नुसतं विनंती म्हणा. छत्री मी उघडते.” मग मी नुसतं विनंती म्हणू लागले. तिची बोटं झिजलेल्या बटनांवर टेकून बसायची, शांत, आणि मग एकदम चालू लागायची. मी चष्मा पुसून बघायची, की कोणतं बोट कुठं जातं. पण तिच्या करंगळीच्या मागं माझी नजर कधीच पोचली नाही.

परीक्षेच्या दिवशी मी केंद्राबाहेर नातीला घेऊन उभी होते. आतून तीस-चाळीस माणसांच्या बोटांचा आवाज येत होता. नात म्हणाली, “पाऊश.” मी म्हणाले, “हो, छत्र्या उघडून राह्यल्यात.” सून बाहेर आली तेव्हा मी काही विचारलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच बहुतेक.

निकाल लागला, सून पास झाली. प्रमाणपत्र तिनं कचेरीत जमा केलं आणि अट संपली. त्या संध्याकाळी आम्ही दोघी अंगणात चहा घेत बसलो होतो. माझी खोड जाते कुठं! मी म्हणाले, “आता निकाल लागलाच आहे तर खरं सांग. चूक माझी का पाटीची?”

तिनं कप खाली ठेवला. हसली नाही, रागावलीही नाही.

“आत्या,” ती म्हणाली, “साऱ्या गावाला इचारून आलात तुम्ही. दुकानात मला इचारलं असतं तर मी तोंड उघडलं असतं का, ते मलाबी सांगता येत न्हाई. पण इचारायला पाहिजे होतं.”